हेरलेली पोरे, राहिलेली पोरे

शापोरा नदीच्या दक्षिण तीरावर शिवोली, उत्तर तीरावर चोपडे. शिवोलीला बार्देश संपतो आणि चोपड्याला पेडणे सुरू होते. पूल नव्हता तेव्हा मधे फेरीबोट होती. ती चुकली की माणूस धक्क्यावर बसून समोरच्या काठावरचे माड मोजत राही. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रज धर्मगुरूंनी याच शिवोलीत मुलांच्या पायाशी फुटबॉल ठेवला आणि गोव्यातल्या या खेळाचा जन्म तिथला मानला जातो. तिथून तो चेंडू साष्टीत गेला, मुरगावात गेला, तिसवाडीत गेला. एका फेरीच्या अंतरावर असलेल्या पेडण्यात मात्र तो तसा रुजला नाही. असे का व्हावे, हा प्रश्न मला लहानपणापासून छळत आला आहे. त्याचे उत्तर शोधताना लक्षात आले की ही खेळाची गोष्ट कमी आणि पोरे हेरणाऱ्या डोळ्यांची जास्त आहे.

बार्देश, तिसवाडी, साष्टी या पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादी. डिचोली आणि सत्तरी त्यांच्या हाती आली १७८१-८२ च्या सुमारास, तर पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून मिळाले १७८८ साली. या नव्या काबिजादी. मधल्या अडीच शतकांत राज्यकर्त्यांचा धर्मांतराचा आवेश ओसरला होता, त्यामुळे इकडची देवळे जागेवर राहिली. जुन्या काबिजादींत गाव जमायचा चर्चच्या अंगणात. शेजारी शाळा, शाळेमागे भात कापून मोकळे झालेले शेत, आणि त्या शेतात फुटबॉल. नव्या काबिजादींत गाव जमायचा देवळाच्या मांडावर. तिथे जत्रा, जत्रेत दशावतार, उत्सवात नाटक. पोरे दोन्हीकडे तेवढीच चपळ होती. पण ज्या अंगणात जे चाले, त्यातच पोराचे गुण दिसत. हा धर्मापेक्षा अंगणाचा प्रश्न होता. भारताचे कर्णधारपद भूषवलेले आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरलेले गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे ताळगावचे, म्हणजे तिसवाडीतले. खेळ दाराशी असला की त्याला कुठल्याही घरचे पोर चालते.

आमच्या बाजूला पोरे हेरत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. हेरत होते, पण गळा पाहून. मंगेशीचे दीनानाथ कोवळ्या वयातच किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि १९१८ साली त्यांनी स्वतःची बळवंत संगीत मंडळी उभारली. कुर्डीच्या मोगूबाई लहानपणीच नाटक कंपनीच्या बिऱ्हाडाबरोबर फिरू लागल्या. पुढे सांगलीत त्यांचा रियाझ कानी पडला म्हणून अल्लादियाखाँसाहेब थबकले आणि त्यांनी त्या मुलीला शिकवायला घेतले. खुद्द पेडणे तालुक्यातल्या मालपे गावाने अंजनीबाई मालपेकर दिल्या. नाटक कंपनीच्या मालकाला किंवा गवयाला पोराची उंची मोजावी लागत नसे. त्याला ऐकू आले की पुरे. पण ऐकू येण्यासाठी त्याला त्या रस्त्याने जावे लागे, आणि सारे मर्म याच गोष्टीत आहे. ज्या गल्लीतून खाँसाहेब गेले नाहीत, तिथे कोण गात होते हे इतिहासाला ठाऊक नाही.

मुक्तीनंतर गोव्यात फुटबॉलला मोठा आधार मिळाला तो खाणवाल्यांचा. साळगावकरांचा संघ मुक्तीच्याही आधीचा, १९५६ चा. पुढे धेंपो आले, सेझा गोवा आले. संघात खेळणाऱ्या पोराला कंपनीत नोकरी, म्हणजे घरच्या चुलीची हमी. १९८२-८३ साली गोव्याने बंगालबरोबर संतोष करंडक वाटून घेतला आणि १९८३-८४ साली तो एकट्याने जिंकला. १९८८ साली साळगावकर संघ फेडरेशन करंडक जिंकणारा गोव्यातला पहिला संघ ठरला. आता गंमत पहा. ज्या लोहखनिजावर हे वैभव उभे होते, त्यातले बरेचसे निघत होते डिचोली आणि सत्तरीच्या डोंगरांतून. लाल धुळीचे ट्रक आमच्या दारावरून जात, खनिजाच्या बार्जेस मांडवीतून मुरगावला जात. खेळाडू मात्र बहुतेक समुद्राकाठच्या गावांतले. डोंगराची परीक्षा झाली, पण डोंगराखाली राहणाऱ्या पोरांची व्हायची राहिली.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. उन्हाळ्यात शेतातल्या खुंटांवर तो अनवाणी असा धावे की खुंट त्याला टोचत नाहीत की काय, असे वाटे. चेंडू पायाशी येण्याआधी तो एकदा मान वळवून मागे पाही. याचा अर्थ तेव्हा आम्हांला कळत नव्हता. कुठल्याशा निवड चाचणीची वार्ता कळली तेव्हा आम्ही तिघे दोन बसगाड्या बदलून गेलो. तिथे बूट हवे होते. त्याने मावसभावाचे बूट आणले होते, दोन मापे मोठे, पुढे कापूस कोंबलेला. वीस मिनिटांच्या खेळात तो चार वेळा पडला. वहीत काहीतरी लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी त्याच्याकडे पुन्हा पाहिले नाही. परतीच्या वाटेवर त्याने बूट काढून हातात धरले होते. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांनी जे दिसले ते लिहिले. पण जे दिसले ते पोर नव्हते, बूट होते.

ही चूक केवळ आपल्याकडचीच असती तर आपण मागासलेपणाच्या नावाने बोटे मोडून मोकळे झालो असतो. पण तिकडे कॅनडात, जिथे बर्फावरची हॉकी हा जवळजवळ धर्म आहे, तिथेही हेच आढळले. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हॉकी लीगमध्ये १९६३ सालापासून नव्या पोरांची रीतसर निवड होते. संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात आणि त्यासाठी गावोगाव हिंडणारे पगारी पारखी ठेवतात. असे असूनही रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाला एक विलक्षण गोष्ट गवसली. खरे तर ती आधी दिसली त्याच्या पत्नीला. सामना पाहायला गेली असता पत्रिकेतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा ती सहज वाचत होती, तर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हेच महिने पुन्हा पुन्हा येऊ लागले. १९८५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. कारण साधे होते. वयोगटाची रेघ १ जानेवारीला ओढलेली. जानेवारीतले पोर आणि डिसेंबरातले पोर एकाच गटात, पण पहिले जवळजवळ वर्षाने मोठे. दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढे अंतर! थोराड पोर निवडले जाते, त्याला चांगला शिक्षक मिळतो, जास्त खेळ मिळतो आणि काही वर्षांनी ते खरोखरच सरस ठरते. मग पारखी म्हणतो, ‘पाहा, माझी निवड बरोबर होती.’ ज्या डिसेंबराला त्याने घरी पाठवले, त्याची साक्ष कोण काढणार?

आपल्याकडे या रोगाला आणखी एक फाटा आहे, तो जन्मदाखल्यांचा. शाळेत घालताना गुरुजींनी मांडलेली तारीख आणि खरी तारीख यांचा मेळ नसे. म्हणूनच आता मनगटाची चित्रे काढून हाडांवरून वय ठरवण्याची पद्धत आली आहे. हाड खोटे बोलत नाही म्हणतात. पण हाड तरी पोराचे वयच सांगते, आणि तेही अदमासाने. पोरात काय आहे ते हाडाला ठाऊक नसते.

मग पारख करायची कशी? या बाबतीत आपल्या मालवणच्या मातीतले रमाकांत आचरेकर यांची हकीकत सर्वश्रुत आहे. १९८४ च्या सुमारास अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर शिवाजी पार्कवर त्यांच्यासमोर प्रथम फलंदाजीला उभा राहिला तेव्हा तो बुजला आणि खेळ काही जमला नाही. थोरले बंधू अजित यांनी सरांना विनवले, ‘तुम्ही जरा दूर जा, झाडाआडून पाहा.’ सर दूर गेले, पोर मोकळे झाले, पुढचे सांगायला नको. थोरपण त्या झाडाआड जाण्यात होते. पोराला आपल्या नजरेचा भार होतो, हे ज्याला उमगते तोच खरा पारखी. जाणते शिक्षक म्हणतात की चाचणीतल्या कसरतींपेक्षा पोराला खेळताना पाहावे. चेंडू गमावल्यावर ते मान खाली घालते की मागे धावते, चेंडू येण्याआधी आजूबाजूला पाहते का, दुसरा पाय वापरते का, हे पाहावे. आणि पुन्हा पाहावे, महिन्याने पाहावे, त्याच्या गावच्या मैदानावर जाऊन पाहावे. आमचे खाणीवरचे लोक हे जाणून होते. डोंगराच्या एका भोकातला नमुना घेऊन कोणी अख्ख्या डोंगराची प्रत ठरवत नाही.

बहुधा म्हणूनच १९९९ हे साल मला महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी सेझा गोवा कंपनीने फुटबॉलची निवासी प्रबोधिनी सुरू केली आणि ती उभी राहिली आमच्या डिचोली तालुक्यात, साखळीला, खनिज संपलेल्या खाणीच्या पुन्हा हिरव्या केलेल्या जमिनीवर. तोवर असे शिक्षण हवे तर जमशेदपूर गाठावे लागे. टाटांची प्रबोधिनी तिथे १९८७ पासून चालू होती आणि आपला महेश गवळी तिथेच घडला. साखळीत पोरांना चौदा-पंधराव्या वर्षी घेऊन वर्षानुवर्षे ठेवू लागले. राहणे, जेवण, शाळा आणि चेंडू. वीस मिनिटांच्या जागी वर्षे आली, हाच खरा बदल. बूट कोणाचे हा प्रश्न तिथे पहिल्याच दिवशी मिटतो.

याच प्रबोधिनीतून आदिल खान बाहेर पडला. २०१२ साली तो भारताकडून खेळला आणि नंतर सात वर्षे राष्ट्रीय संघाने त्याच्याकडे पाहिले नाही. त्याचे दिवस संपले असेच लोक समजले. मग २०१९ साली नव्या प्रशिक्षकांनी त्याला मधल्या फळीऐवजी बचावफळीत उभे करून पाहिले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला कोलकात्यात बांगलादेशाविरुद्ध भारत हरण्याच्या बेतात असताना ८८ व्या मिनिटाला ज्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला, तो हाच आदिल. पोर एकदा हेरून भागत नाही. जागा बदलून पुन्हा हेरावे लागते.

पण या गोष्टीला सुखान्त जोडून मोकळे होण्याची सोय नाही. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. त्या निकालांची कारणे योग्य होती. डिचोलीच्या विहिरी आणि शेते काय भोगत होती ते आम्ही पाहिले आहे. पण ट्रकवाल्याच्या घराबरोबर खेळाचा आधारही हलला. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या संघांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. ज्याचा पैसा त्याचा डोळा, हा नियम नाटक कंपन्यांपासून चालत आला आहे. पैसा आटला की डोळे मिटतात.

आज शापोऱ्यावर पूल आहे. पेडण्याच्या मोपा पठारावर जगभरची विमाने उतरतात. कोणीही कोठूनही अर्ध्या दिवसात इथे येऊ शकतो. तरी संध्याकाळी चोपड्याकडून आत गावात जावे आणि कापलेल्या शेतात पोरे खेळताना पाहावीत. एखादे पोर चेंडू येण्याआधी मान वळवून मागे पाहते. ते पाहायला कोणी तरी तिथे उभे असायला हवे, बांधावर नाही तर झाडाआड. माझा तो वर्गमित्र हल्ली सुटीच्या दिवशी असाच उभा राहतो. त्याच्या पिशवीत बुटांचे तीन जोड असतात, तीन वेगवेगळ्या मापांचे.