व्हीआय (एडिटर)

व्हीआय : युनिक्स या संगणकप्रणालीवर मजकूर आणि प्रोग्राम लिहिण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी योजलेला, माउसची अपेक्षा न ठेवता सर्वस्वी कीबोर्डवर चालणारा एडिटर. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, बिल जॉय या पदव्युत्तर विद्यार्थ्याने १९७६ च्या सुमारास त्याची उभारणी केली, आणि जवळजवळ अर्धशतक लोटल्यावरही असंख्य प्रोग्रामर तो किंवा त्याचे वंशज आवडीने वापरीत आहेत.

केन थॉम्प्सन यांचा ‘ईडी’ हा युनिक्सचा मूळ एडिटर कागदी टेलिटाइपच्या काळातला असल्याने त्यात मजकूर समोर दिसत नसे. ओळीचा क्रमांक सांगून आंधळेपणानेच दुरुस्ती करावी लागे. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कुलूरिस यांनी त्यात सुधारणा करून ‘ईएम’ तयार केला, आणि त्याच्या आधारे जॉय व चक हेली यांनी ‘ईएक्स’ रचला. या ईएक्समधील पडद्यावर मजकूर दाखविणारी अवस्था पुढे १९७९ मध्ये बर्कलीच्या दुसऱ्या युनिक्स वितरणात व्हीआय या स्वतंत्र नावाने रूढ झाली. त्या दिवसांत टेलिफोनच्या तारेवरून ३०० बॉडच्या मोडेमने काम करणाऱ्यास सेकंदाला सुमारे ३० अक्षरे मिळत. म्हणजे २४ ओळी आणि ८० रकाने यांचा पडदा पूर्ण भरावयास एक मिनिटाहून अधिक वेळ लागे. एकेका अक्षराच्या आज्ञा आणि पडदा शक्यतो पुन्हा न रंगविण्याची काटकसर ही या टंचाईतूनच आली. जॉय यांच्यासमोरील लिअर सिगलर कंपनीच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या, बाण एच, जे, के, एल या कळांवरच छापलेले होते. आज ज्या जागी टॅब असतो त्या जागी एस्केपची कळ होती. एस्केप पुढे कोपऱ्यात गेल्यामुळेच अनेकजण कॅप्स लॉकच्या कळेला तिचे काम नेमून देतात.

व्हीआयचे मर्म त्याच्या दोन अवस्थांत आहे. एका अवस्थेत कळा अक्षरे उमटवितात. दुसरीत, जी एडिटर उघडताच लाभते आणि एस्केप दाबल्यावर परत मिळते, त्याच कळा आज्ञा होतात. ‘डी’ म्हणजे पुसणे, ‘सी’ म्हणजे बदलणे, ‘वाय’ म्हणजे नक्कल घेणे. यांपुढे ‘डब्ल्यू’ म्हटले की एका शब्दापुरता, महिरपी कंस म्हटला की परिच्छेदाच्या शेवटापर्यंत, मोठा ‘जी’ म्हटला की थेट शेवटच्या ओळीपर्यंत अंमल होतो, आणि मध्ये तीनचा आकडा घातला की शब्द तीन होतात. पाच क्रिया आणि वीस हालचाली शिकणाऱ्यास पंचवीसच गोष्टी ध्यानी ठेवाव्या लागतात, परंतु हाती शंभर दुरुस्त्या येतात. शिवाय केवळ पूर्णविराम दाबला असता शेवटची दुरुस्ती जशीच्या तशी पुन्हा घडते. माउसकडे हात नेण्यात किती वेळ जातो, या वादाला प्रस्तुत लेखकाच्या मते दुय्यम महत्त्व आहे. प्रोग्रामरचा पुष्कळसा वेळ नवे लिहिण्यात नव्हे, तर असलेले वाचण्यात व बदलण्यात जातो, आणि त्या बदलाचे नेमके कथन करता येणे, मोजून सांगता येणे, पुन्हा करविता येणे, हीच या पसंतीची खरी मिळकत होय.

या पद्धतीस विरोधही तितकाच समर्थ लाभला. कापणे-चिकटविणे ही रीत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात घडविणाऱ्यांपैकी लॅरी टेस्लर यांनी अवस्थांविरुद्ध आयुष्यभर आग्रह धरला. एकच कळ प्रसंगपरत्वे दोन अर्थ देऊ लागली की मनुष्य चुकणारच, ही त्यांची तक्रार नवशिक्यापुरती निर्विवाद खरी आहे. रिचर्ड स्टॉलमन प्रभृतींचा ईमॅक्स हा प्रतिस्पर्धी अवस्था टाळतो व कंट्रोलसारखी कळ दाबून धरून आज्ञा देतो; मात्र त्यातही हात कीबोर्डवरच राहतात.

डच प्रोग्रामर ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी ‘व्हिम’ प्रसिद्ध केला आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी निधन होईपर्यंत त्याचा सांभाळ केला. कंसातील किंवा अवतरणचिन्हांतील मजकूर एकाच आज्ञेने उचलण्याची सोय व्हिमने दिली. व्हिम विनामूल्य आहे. ज्यांना तो उपयोगी वाटेल त्यांनी युगांडातील किबाले येथील अनाथ मुलांसाठी मदत पाठवावी, एवढीच त्याच्या कर्त्याची विनंती, आणि सॉफ्टवेअरच्या इतिहासात याहून उदात्त परवाना विरळा. २०१४ मध्ये त्यातून निओव्हिम ही शाखा निघाली. व्हीआयचा समावेश पॉसिक्स या मानकात आहे. बॅश शेलमध्ये त्याच्या कळांनी ओळ दुरुस्त करण्याची मुभा आहे, आणि माउसवर चालणाऱ्या अनेक आधुनिक एडिटरांतही त्याच्या कळांचे अनुकरण करणारी जोडणी मिळते.

मराठी लिहिणाऱ्यास यात एक खास अडचण येते. संगणकाचा कीबोर्ड देवनागरीवर ठेवून मजकूर लिहिल्यावर एस्केप दाबले, तरी पुढील कळेतून देवनागरी अक्षरच निघते आणि रोमन अक्षरांची वाट पाहणाऱ्या एडिटरला आज्ञा उमगत नाही. प्रत्येक दुरुस्तीपूर्वी लिपी बदलावी लागली, तर कळांची सारी किफायत नाहीशी होते. यावर व्हिममध्ये इलाज आहे : संगणकाचा कीबोर्ड रोमनच ठेवून अक्षरांचा तक्ता एडिटरच्या स्वाधीन केला, म्हणजे लेखनाच्या अवस्थेत त्याच कळा देवनागरी उमटवितात आणि आज्ञेच्या अवस्थेत आपोआप रोमन राहतात. ज्या अवस्थाभेदाबद्दल व्हीआयला दोष दिला जातो, त्याच्याच आधारे दोन लिप्यांचा असा बंदोबस्त होतो.