इंजिनावरचं स्टिकर

जुना लष्करी ट्रक पुन्हा उभा करणाऱ्याच्या वाटेला शेवटी एक फार बारीक प्रश्न येतो. इंजिन फिरलं, ब्रेक लागले, रंगही झाला... आता इंजिनावर स्टिकर कोणतं लावायचं? तुम्ही म्हणाल, स्टिकरचं काय एवढं! पण या छंदातले लोक त्यावर तासन् तास वाद घालू शकतात. आमच्या कोरपन्याच्या मामेभावाने वर्षभरापासून एक डिस्पोजलचा शेवरोले ट्रक खोलून ठेवलाय आणि स्टिकर शोधायचं काम माझ्या गळ्यात मारलंय. त्या निमित्ताने जे वाचलं, पाहिलं, ते इथे लिहून ठेवतो.

'डिस्पोजल' हा शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर कळतो. दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं आणि सरकारने उरलेला लष्करी माल विकायला काढला. तंबू, बूट, जीपा, ट्रक, सगळंच. मामा सांगायचे की जंगलच्या ठेकेदारांना हे ट्रक फार आवडायचे, कारण चिखलातून सागवानाचे लठ्ठे ओढायला यांच्यासारखं दुसरं काही नव्हतं.

आमचा ट्रक कॅनडियन नमुन्याचा. कॅनडाने त्या युद्धात आठ लाखांवर लष्करी गाड्या बांधल्या. त्यात फोर्ड आणि शेवरोले या एरवीच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकाच नमुन्याचे ट्रक काढले. केबिन जवळपास सारखी, पण इंजिन ज्याचं त्याचं. फोर्डचं आठ सिलिंडरचं व्ही-आठ, ९५ अश्वशक्तीचं. शेवरोलेचं एका रांगेत सहा सिलिंडर, ८५ अश्वशक्तीचं. इंजिन अर्धंअधिक केबिनमध्येच घुसलेलं, त्यामुळे उन्हाळ्यात ड्रायव्हर शेकून निघत असणार!

यातले बरेच ट्रक सुट्या भागांच्या पेट्या होऊन बोटीने आले आणि इथे जोडले गेले. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना होता. तो १९२८ साली सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला. म्हणजे ज्याला आपण 'कॅनडियन' म्हणतो, त्याचे नटबोल्ट मुंबईच्या कामगारांनीही आवळलेले असू शकतात. मग 'अस्सल' कुठलं धरायचं? कॅनडातल्या ओशावाचं की शिवडीचं?

आता स्टिकरांविषयी. त्या काळची स्टिकरं आजच्यासारखी प्लास्टिकची नव्हती. डिंक लावलेल्या कागदावर शाई आणि वार्निशचा पातळ थर असायचा. कागद पाण्यात भिजवायचा आणि तो थर पत्र्यावर सरकवायचा. लहानपणी आपण वहीवर चित्रं उतरवायचो ना, तसंच. उष्णता आणि तेल यांपुढे असला थर किती टिकणार? बहुतेक वेळा उरते ती फक्त सावली, म्हणजे स्टिकरखाली झाकलेला रंग बाजूच्या रंगापेक्षा वेगळा दिसतो. ती सावलीसुद्धा पुरावा असते. मोजपट्टी ठेवून फोटो काढा, बटर पेपरवर आकार उतरवून घ्या, मग युद्धकाळातल्या देखभालीच्या पुस्तकाशी ताडून पाहा. सुट्या भागांवर इंग्रजी 'सी' अक्षराच्या पोटात बाण दिसला, तर तो कॅनडाच्या सरकारी मालाचा शिक्का.

घाईचा रस्ताही आहे. कोणताही रेडियमवाला दहा मिनिटांत स्टिकर कापून देतो. पण त्यात अक्षरं कॉम्प्युटरची येतात. एरियल हा फाँट १९८२ साली तयार झाला, तो १९४२च्या इंजिनावर कसा असेल? बाजारात जीपची तयार स्टिकरं मिळतात, पण जीपचं इंजिन चार सिलिंडरचं, त्याचा फायरिंगचा क्रम १-३-४-२. शेवरोलेच्या सहाचा १-५-३-६-२-४. भलतं स्टिकर लावलं आणि उद्या कुणी त्यावरून वायरी जोडल्या, तर इंजिन नुसतं ठसकत बसेल.

पण खरी पंचाईत पुढेच होती.

इंजिनाला हवा गाळून देणारा जो डबा असतो, त्यात तळाशी तेल असतं. हवा तेलावरून वळण घेते, धूळ तेलात अडकते आणि पुढे जाळीतून स्वच्छ हवा जाते. त्या डब्यावर कंपनीचं सूचनेचं स्टिकर असायचं, तेल किती, कधी बदलायचं वगैरे. आमच्या डब्यावर त्याच जागी पांढऱ्या ऑइलपेंटने, ब्रशने लिहिलंय: 'तेल पाहा. मंग चालव.' अक्षर मामांचं. मामा जाऊन बारा वर्षं झाली. गाडी शिकवताना ते म्हणायचे, "धूळ खाल्ली तं इंजिन गेलं समज, बापा!" कंपनीच्या स्टिकरवरही अर्थ तोच. फक्त इथली धूळ मामांना जास्त ठाऊक होती.

मामेभावाचं म्हणणं, डबा घासून मूळ रंग द्यायचा. त्याचंही चूक नाही, वर्षभर राबलाय तो. पण मला वाटतं, ट्रकचा लष्करी जन्म चार-पाच वर्षांचा, आणि पुढचं सगळं आयुष्य आपल्या मुलखातलं. या मुलखाचंच बघा. राजुरा तालुका आधी निजामाच्या हैदराबाद राज्यात. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला. १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला आणि १९६० पासून महाराष्ट्रात. त्याच राजुऱ्यातून पुढे आमचा कोरपना तालुका निघाला. माणसं जागची हलली नाहीत, पाटी तेवढी बदलत गेली. कुणी फक्त पहिली पाटी खरी म्हटली, तर आपण ऐकून घेऊ का?

म्हणून आम्ही असं ठरवलंय. काहीही घासण्याआधी वाचायचं. ब्रिटिश अमदानीत आपल्या शिपायांना रोमन लिपीतली उर्दू शिकवत. तेव्हा बॉनेटच्या आत तसा एखादा शब्द सापडला, तर तोही जपायचा. थर पाहायचे तर कोपऱ्यात नाण्याएवढी जागा हलक्या हाताने घासायची, म्हणजे सागाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, आतलं सर्वांत जुनं. नवं स्टिकर स्क्रीन प्रिंटने करायचं, पण त्याच्या कडेला बारीक अक्षरात 'प्रतिकृती' आणि साल टाकायचं, म्हणजे पुढे कुणी फसणार नाही. ते लागेल ऑइल फिल्टरवर, जिथे आज काहीच उरलेलं नाही.

आणि मामांचा डबा आहे तसाच राहील. मामेभाऊ आधी कुरकुरला, मग म्हणाला, "राहू दे."

असो. नातेवाइकांपैकी कुणाच्या ट्रंकेत त्या ट्रकसोबतचा जुना फोटो असेल, विशेषतः बॉनेट उघडं असलेला, तर जरूर कळवा. फोटो धूसर असला तरी चालेल.