नाटकगृहातून घरी परतणारे लोक

संगीत नाटकाचा प्रयोग पूर्वी रात्री उशिरा सुरू होई आणि पुष्कळदा पहाट झाली तरी संपत नसे. नाशकात असा प्रयोग पाहून पंचवटीकडे जाणारी मंडळी नदी ओलांडून जाऊ लागली म्हणजे त्यांच्या बोलण्यास एकच विषय असे. अमुक पदास किती वेळा ‘वन्समोअर’ मिळाला, दुसऱ्या खेपेस आलेली तान पहिल्या खेपेस होती की नव्हती, सारंगीवाल्याने कोठे साथ केली आणि कोठे नुसतेच ऐकत बसला, यावर वाद चालत. दुसऱ्या दिवशी तोच वाद वकिलांच्या बैठकीत, पेढीवर आणि शाळेच्या मधल्या सुटीत पुन्हा उभा राही. जो प्रयोगास गेलेला नसे त्यास तो ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसे. आणि काही वर्षांनी असाही प्रकार घडे की न गेलेला मनुष्यच गेलेल्याहून अधिक रंगवून सांगे.

या बोलण्याकडे रिकामपणाचा उद्योग म्हणून पाहण्याची चाल आहे. ती योग्य नव्हे. राजाने केलेल्या दानाचा ताम्रपट राहतो, कवीची पोथी राहते, शिल्पकाराचा दगड तर लेणी होऊन दोन हजार वर्षे उभा राहतो. नाशिककरांस हे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी जाऊन पाहता येते. गवयाचे मात्र तसे नाही. स्वर निघाला आणि विरला. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यास झाला, आणि गौहरजान यांच्या आवाजाच्या तबकड्या तेव्हापासून निघू लागल्या. त्यापूर्वीचे सारे गाणे, आणि त्यानंतरचेही बहुतेक, ज्यांनी ऐकले त्यांच्या सांगण्यावरच आपणांपर्यंत आले आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली त्यांच्या. बालगंधर्व व मास्टर कृष्णराव त्यांचे शिष्य. तीन घराण्यांची विद्या ज्यांच्या कंठात एकत्र आली होती असे जाणते लोक सांगत, त्या बुवांचे गाणे तबकडीवर उतरलेले नाही. बुवा कसे गात हा प्रश्न ज्यास पडेल त्याने श्रोत्यांच्या दारी जावयाचे, दुसरा मार्ग नाही.

तेव्हा श्रोता हा संगीताच्या इतिहासातला साक्षीदार होय. आणि साक्षीदार म्हटला की त्याची उलटतपासणी आली.

नाशकापुरते पाहावयाचे तर एक रात्र प्रथम पुढे येते, आणि ती मोठी विलक्षण आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद नाटकगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग ठरला होता. जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांची मुंबईस बदली झालेली असून त्यांच्या निरोपासाठी हा खेळ योजला होता. जॅक्सन हे संस्कृताचे व्यासंगी, लोकांच्या चालीरीतींची आणि समजुतींची टिपणे जमविणारे गृहस्थ होते. त्यांस ‘पंडित’ म्हणणारेही लोक होते. पण त्याच वर्षी बाबाराव सावरकर यांस कविता छापल्याच्या आरोपावरून जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, आणि त्या खटल्याच्या संबंधात जॅक्सन यांचे नाव तरुणांच्या जिव्हारी लागले होते. जॅक्सन नाटकगृहात आले आणि औरंगाबादेहून आलेल्या अनंत कान्हेरे या तरुण विद्यार्थ्याने त्यांच्यावर पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्या. जॅक्सन जागीच गतप्राण झाले. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांस १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

ही कथा महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. पण ती सांगताना एक गोष्ट राहून जाते. त्या रात्री जे शेकडो लोक विजयानंदात बसले होते, त्यांतील बहुसंख्य गाणे ऐकावयास आलेले होते. देवलांची ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आली आणि दहा वर्षांत तिची पदे घराघरांतून म्हटली जाऊ लागली होती. किर्लोस्कर मंडळीत त्या वेळी बालगंधर्व होते. १९०५ साली ते मंडळीत आले होते आणि त्यांचे नाव जाहिरातीत असले म्हणजे गाव लोटत असे. अशा प्रयोगाची नाशिककरांनी किती वाट पाहिली असेल! परंतु त्या रात्रीविषयी गाण्याच्या अंगाने बोलणारा श्रोता इतिहासात सापडत नाही. इतिहासाच्या पुस्तकांत ‘शारदा’ हे केवळ घटनेच्या स्थळाचे नाव होऊन राहिले.

याचे कारण उघड आहे, आणि ते केवळ घटनेच्या मोठेपणात नाही. त्यानंतर गावात झडत्या झाल्या, धरपकड झाली, नाशिक कटाचा खटला उभा राहिला आणि कित्येकांच्या आयुष्याची माती झाली. अशा दिवसांत ‘मी त्या रात्री नाटकाला होतो’ हे वाक्य उच्चारणे शहाणपणाचे नव्हते. एरवी ज्या गावाने ‘शारदे’च्या एका पदावर आठ दिवस चर्चा केली असती, त्या गावास त्या प्रयोगाविषयी तोंड मिटून बसावे लागले. श्रोत्यांच्या आठवणी भीतीनेही नाहीशा होतात, हे या उदाहरणावरून दिसते. जे लोक कान्हेऱ्यांच्या धैर्याची कथा पुढे अभिमानाने सांगू लागले त्यांनीही ती नाटकगृहाच्या दारापाशीच संपविली. आत दिवे लागलेले होते, साजिंदे बसलेले होते, रंगपटात मुले साड्या नेसून उभी होती. त्यांचे पुढे काय झाले हे विचारण्याचे कोणास सुचले नाही.

याच्या अगदी उलट प्रकार बारा वर्षांनी मुंबईस घडला. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साह्यार्थ बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत, असा तो योग होता. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एकाच रंगमंचावर उभे राहावयाचे! पुढच्या जागांचे तिकीट १०० रुपयांपर्यंत चढले. त्या काळी शाळामास्तराचे दोन-तीन महिन्यांचे वेतन एका खुर्चीत बसावे अशी ती रक्कम होती. तरीही थिएटर भरून गेले.

या एका प्रयोगाविषयी जितके बोलले व लिहिले गेले तितके मराठी रंगभूमीवरील दुसऱ्या कोणत्याही एका रात्रीविषयी क्वचितच झाले असेल. आणि ते सारे एका प्रश्नाभोवती फिरत राहिले : त्या रात्री कोण जिंकला? केशवरावांचा आवाज खडा, झेपावणारा, तान सुटली की सभागृह हादरून जावे असा. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ, शब्दास धरून चालणारे, लयीच्या अंगाने मोहविणारे. ज्यांस एक रुचे त्यांस दुसरे थोडे कमी वाटावे हे स्वाभाविक होते. म्हणून केशवरावांच्या पक्षाचा मनुष्य सांगे की त्यांनी पहिल्या पदासच रंगभूमी काबीज केली. गंधर्वांच्या पक्षाचा मनुष्य सांगे की खरा रंग भामिनी आल्यावर चढला. दोघेही प्रत्यक्ष हजर होते आणि दोघेही खोटे बोलत नव्हते. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, म्हणजे प्रयोगानंतर तीन महिने पुरे होण्याच्या आतच, केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी विषमज्वराने वारले. त्यानंतर या वादाचा स्वर पालटला. दिवंगताशी कोण भांडणार? गंधर्वांचे कट्टर भक्तही केशवरावांच्या त्या रात्रीच्या गाण्याविषयी आदराने बोलू लागले. आज त्या आठवणी वाचणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. त्यांतील काही स्तुती गाण्याची आहे आणि काही मृत्यूची.

असाच दुसरा प्रसंग त्याच नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचा. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमान’ प्रथम झाले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली आणि ते दुःख गिळून ते रंगभूमीवर उभे राहिले, हे सर्वविश्रुत आहे. पुढे त्या प्रयोगाची आठवण सांगणाऱ्या प्रत्येकाच्या बोलण्यात भामिनीच्या हास्यामागचे अश्रू येऊ लागले. प्रेक्षकांतील कितीजणांस त्या वेळी ही वार्ता ठाऊक होती? रंगपटातील दुःख थिएटरच्या शेवटच्या रांगेस कळणे शक्य नव्हते. जे नंतर कळले ते लोकांनी आपल्या आठवणीत मागे नेऊन बसविले, असे मानणेच सयुक्तिक आहे. मनुष्याची स्मृती अशीच चालते. ती वही नव्हे, ती पुनःपुन्हा सारवली जाणारी भिंत आहे.

मग अशा साक्षीदारांवर विश्वास ठेवावा किती? सन आणि तारीख यांबाबत मुळीच ठेवू नये. ती जाहिराती, वर्तमानपत्रे आणि मंडळ्यांचे हिशेब यांवरून ठरवावी. ‘वन्समोअर’च्या संख्येबाबतही ठेवू नये, ती संख्या दर वर्षी वाढत जाते. परंतु गायकाचा आवाज कोणत्या जातीचा होता, तो पदाच्या शब्दाशी कसा वागे, साथ कोणत्या वाद्यांची होती, लोक केव्हा स्तब्ध होत आणि केव्हा उसळत, याबाबत सामान्य श्रोत्याची साक्ष फार मोलाची असते. गंधर्व मंडळीत तबल्यास अहमदजान थिरकवा आणि सारंगीस कादरबक्ष बसत. हे दोघे साथीस असता तबल्याचा एक तुकडा ऐकून प्रेक्षकांनी गायकास सोडून वादकाकडे वळून पाहिले, अशा तऱ्हेची हकीकत दहा वेगवेगळ्या गावांच्या दहा माणसांनी सांगितली तर ती मानावयास हरकत नाही.

येथे नाशकाशी निकट संबंध असलेल्या आणखी एका पुरुषाची आठवण करणे प्राप्त आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा, विद्या मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी. गाणे संस्थानिकांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढून तिकीट लावून सर्वांपुढे मांडण्याचा उपक्रम त्यांनी काठेवाडात १८९७ च्या सुमारास केला. ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, १९०८ साली मुंबईस त्याची शाखा काढली, तेथे इमारत बांधून कर्जात बुडाले, आणि ती इमारत हातची गेल्यावर नाशकास पंचवटीत रामनामाधार आश्रमात राहिले. १९३१ साली मिरजेस त्यांचे देहावसान झाले.

पलुस्करांचे मोठेपण शिष्यांच्या नामावळीने सांगण्याचा प्रघात आहे : ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, नारायण मोरेश्वर खरे, बा. र. देवधर. ते योग्यच आहे. परंतु त्यांनी श्रोताही घडविला, हे तितकेच मोठे कार्य. दरबारी ऐकणारा हा दाता असे. त्याची मर्जी हाच न्याय. तिकीट काढून येणारा कारकून किंवा शिक्षक दाता नव्हता. त्याने आपल्या कष्टाचे चार आणे मोजले होते. म्हणून त्यास मत बनविण्याचा अधिकार होता आणि दुसऱ्या दिवशी ते बोलून दाखविण्याचाही. पंडितजींच्या जलशास ठरल्या वेळी आरंभ होई, सभेत शिस्त पाळावी लागे, आणि पानसुपारीच्या बैठकीत रुळलेल्या शौकिनांस ते प्रथम जडच गेले असेल. पण स्त्रियांनी आणि मुलांनी गाण्यास येऊन बसावे इतकी प्रतिष्ठा त्यामुळे त्या सभेस आली. ज्यास मराठीत आपण ‘कानसेन’ म्हणतो तो वर्ग शहरांतून वाढला तो यामुळे.

त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय यांचा जन्म नाशकासच २८ मे १९२१ रोजी झाला. वडील वारले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले, आणि १९५५ साली चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पण तोवर काळ पालटला होता. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ सालीच सुरू झाले होते, तबकड्या घरोघर पोहोचल्या होत्या, ‘बैजू बावरा’ चित्रपटात त्यांचा आवाज अमीर खाँसाहेबांच्या आवाजासमवेत हिंदुस्थानभर गेला. भास्करबुवांस ओळखावयाचे तर श्रोत्यास विचारावे लागते. दत्तात्रेयांचे गाणे आजही ऐकावयास मिळते.

तरीसुद्धा तबकडीने श्रोत्याचे काम संपविले असे म्हणता येत नाही. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका पुष्कळ आहेत. परंतु जे पद रंगभूमीवर अर्धा अर्धा तास चाले ते तबकडीत शिरताना किती आकसले असेल! ज्यांनी ते थिएटरात ऐकले होते ते वृद्ध लोक ग्रामोफोन लावून बसले म्हणजे तबकडी संपताच बोलू लागत : येथे ते पुन्हा मागे येत, येथे थांबून प्रेक्षकांकडे पाहत, येथे तबलजी हसे. यंत्र थांबल्यावरचे हे बोलणे त्या तबकडीचाच उरलेला भाग होता. घरातील मुले ते ऐकत. कंटाळतही. गंधर्वांचे निधन १५ जुलै १९६७ रोजी झाले, आणि त्यानंतर हळूहळू हे बोलणारेही गेले.

विजयानंदात पुढे बोलपट दाखविले जाऊ लागले आणि नाशिकच्या रसिकांची नवी पिढी दुसऱ्या नाटकगृहांत जाऊ लागली. संगीत रंगभूमीस नवे चैतन्य आले तेव्हा, १९६४ साली, ‘मत्स्यगंधा’ हे नाटक लिहिणारे वसंत कानेटकर नाशकातच प्राध्यापक होते. अलीकडचा श्रोता मैफलीत बसूनच खिशातील यंत्रावर गाणे उतरवून घेतो. त्याच्यापाशी स्वर राहतो, तारीख राहते, वेळही राहते. १९०९ सालच्या त्या रात्री विजयानंदात जागा धरून बसलेल्या लोकांपाशी यांतले काहीच नव्हते. ‘शारदे’चे कोणते पद ऐकण्यासाठी आपण गेलो होतो एवढे तरी त्यांतील एखाद्याने घरी येऊन सांगितले असेल, दार लावून घेऊन, हलक्या आवाजात.