गूगल-अँड्रॉइड प्रकरण (भारत)

मोबाइलच्या बाजारपेठेतील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलविरुद्ध चालवलेले प्रकरण. आयोगाने एप्रिल २०१९ मध्ये महासंचालकांकडे चौकशी सोपवली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

१९६९ च्या एमआरटीपी (मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा) कायद्याच्या काळात उद्योगाचा नुसता आकारही संशयास्पद ठरे. त्याची जागा घेणाऱ्या २००२ च्या स्पर्धा अधिनियमात मोठे असणे हा गुन्हा नाही. कलम ४ फक्त वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई करते. त्यामुळे वादाचा खरा विषय गूगलचे करार हा होता. अँड्रॉइड फुकट मिळते, पण ग्राहकाला हवे असते प्ले स्टोअर, आणि ते घ्यायचे तर फोन बनवणाऱ्या कंपनीला सर्च, क्रोम, यूट्यूब यांसह गूगलचा सगळा संच आधीच फोनवर भरून द्यावा लागे. किराणा दुकानदाराने साखरेबरोबर न खपणारा साबण गळ्यात मारावा, तसाच हा व्यवहार. दुसरा करार अधिक जाचक होता: त्यावर सही करणाऱ्या कंपनीला अँड्रॉइडची फेरफार केलेली आवृत्ती आपल्या कुठल्याही फोनवर चालवता येत नसे. अशा आवृत्त्यांना मग फोनच मिळेनात. दंडाच्या आकड्याने मथळे गाजवले, तरी आदेशाचे मर्म या दोन करारांत होते.

आदेशाला स्थगिती देण्यास सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये नकार दिला. त्यानंतर गूगलने भारतापुरते नियम बदलले: कंपन्यांना ॲप सुटी घेता येऊ लागली, ग्राहकाला सर्च इंजिन निवडता येऊ लागले. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, पण आयोगाने गूगलला दिलेले चार निर्देश रद्द केले. आधीपासून भरलेली ॲप काढून टाकण्याची मुभा आणि प्ले स्टोअरवर इतर ॲप स्टोअरना जागा, हे त्यांतलेच. सामान्य ग्राहकाला थेट जाणवले असते ते नेमके यातच गेले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

चौकशीपासून आदेशापर्यंत साडेतीन वर्षे लागली. डिजिटल बाजारात तेवढ्या अवधीत प्रतिस्पर्धी संपूनही जातो. मार्च २०२४ मध्ये सरकारी समितीने मांडलेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यात म्हणूनच बड्या कंपन्यांवर गैरवापर होण्याआधीच बंधने घालण्याचा प्रस्ताव आहे.