नोंदवहीतील परके

जर्मनीस गेलेल्या आमच्या मुलांना घर मिळताच दोन आठवड्यांत नगरकचेरीत नाव नोंदवावे लागते. अर्जात धर्माचा रकाना असतो; ‘कॅथलिक’ लिहिले की नोकरी लागल्यावर प्राप्तिकराच्या 8 वा 9 टक्के चर्चकर वेगळा कापला जातो. रकाना कोरा सोडावा काय, असे पालक आम्हांस विचारतात. आम्ही ‘नको’ म्हणतो आणि जुन्या साताऱ्याची हकिकत सांगतो.

1939च्या कायद्यान्वये आपल्याकडेही परदेशीयांना नोंदणी करावी लागे. जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षकाकडे. आजच्या सांगलीचा बराच मुलूख तेव्हा साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा निराळा झाला तो 1949 साली. याच काळात, 1943 पासून, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले. काहीजण उपचारांसाठी, शिक्षणासाठी आमच्या पाचगणीत. बहुतेक आपल्याच श्रद्धेचे. 1945 नंतर त्यांपैकी अनेकांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली. राष्ट्रीयत्व ‘पोलिश’ सांगणाऱ्यांना परतायला गावच उरले नाही. तरी त्यांनी तो शब्द बदलला नाही. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. बरेचजण इंग्लंडला गेले, आणि तेथेही पोलिसांकडे ‘परके’ म्हणून पुन्हा नाव नोंदवते झाले.