गारव्याची डागडुजी

वाशिम जिल्ह्यात घर गार ठेवण्याचा खर्च दोनदा करावा लागतो. एकदा साधन उभे करताना, आणि मग दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ते पुन्हा कामाला लावताना. पहिल्या खर्चाची आठवण घरात वर्षानुवर्षे निघते. हिशेब बिघडतो तो दुसऱ्यामुळे. मातीच्या धाब्यापासून स्प्लिट एसीपर्यंत साधने बदलत गेली, तशी त्यांची डागडुजी करणारे हातही बदलले.

जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग मानले जात. पूर्णेच्या खोऱ्यातला तो पायनघाट आणि घाट चढून गेल्यावर लागणारा तो बालाघाट. वाशिम बालाघाटात मोडते. उंचीमुळे इथली दुपार अकोल्यापेक्षा किंचित सौम्य असते आणि रात्री लवकर निवतात, तरी मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत जातोच. हवा मात्र कोरडी असते, आणि गारव्याचे इथले सारे जुने उपाय या कोरडेपणावर उभे आहेत.

पहिला उपाय खुद्द घर हाच होता. धाब्याच्या घराच्या भिंती जाड मातीच्या असत. छपराला लाकडी कड्या, त्यांवर किलचनाचा, म्हणजे काटक्या-फळकुटांचा, थर आणि वर माती. दुपारचे ऊन या मातीतून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होई आणि तोवर माणसे बाजा टाकून अंगणात किंवा धाब्यावर निजायला गेलेली असत. या गारव्याला वीज लागत नव्हती, पण तो फुकटही नव्हता. मृगाआधी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपावी लागे, भेगा बुजवाव्या लागत, भिंती लिपाव्या लागत. आळस केला तर आषाढात घर गळे. घरच्या माणसांची, बहुतेक करून बायकांची, ही मजुरी कोणत्याच वहीत लिहिली गेली नाही. म्हणून जुने घर ‘आपोआप गार’ होते असे आज सर्रास म्हटले जाते.

दुसरा उपाय वाळ्याचा. वाळ्याच्या सुवासिक मुळ्यांची ताटी दारा-खिडकीत लावायची आणि तिच्यावर पाणी मारत राहायचे. ‘ऐन-इ-अकबरी’त वाळ्याच्या ताट्यांनी गार केलेल्या दालनांचे वर्णन आहे, त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांच्या यादीत बासिम, म्हणजे आजचे वाशिम, हेही नाव येते. बासिमच्या सामान्य घरात अशी ताटी असण्याचा संभव कमीच. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषून घेते, तेव्हा उपाय पक्का शास्त्रशुद्ध होता. पण ताटी वाळली की गारवा संपला, म्हणून पाणी मारायला एक माणूस दिवसभर राबवावा लागे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यावर साहेबाच्या बंगल्यात छताला टांगलेला कापडी पंखा आणि तो ओढणारा पंखेवाला यांची भर पडली.  

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी ताटी आणि पंखा एकाच लाकडी खोक्यात बसवले. बाजूंना ओल्या ताट्या, आत हाताने फिरवायचे चाक आणि खिडकीकडे उघडे तोंड अशी त्याची रचना होती. नाव ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त; पण विदर्भातला कोणीही माणूस ते चित्र पाहून ‘हा तर कूलर’ म्हणेल. चाकाच्या जागी विजेची मोटर आली, पाणी मारणाऱ्या माणसाच्या जागी पंप आला, लाकडाच्या जागी लोखंडी पत्रा आला. बाकी यंत्र तेच राहिले.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या दशकांत वीज गावोगाव पोचत गेली. तिच्या मागोमाग विदर्भात कूलर पसरला, तो इतका की खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेला पत्र्याचा डबा ही इथल्या वस्त्यांची खूणच झाली. तालुक्याच्या गावांतल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानांना त्यामुळे उन्हाळ्याचे काम मिळाले. या दुकानांचे मूळ गिऱ्हाईक शेतकरी. रब्बीत पाणी देताना कमी दाबाने विहिरीवरच्या मोटरी जळत, त्या तो भरायला आणी. हंगाम सरला की तोच कारागीर कूलरच्या पंख्याची मोटर भरू लागे. वातानुकूलनाच्या कारखान्याशी काहीही संबंध नसलेला, शेतीच्या विजेवर पोसलेला हा धंदा आहे.

कूलरची दुरुस्ती घरातही होते. पाडव्याच्या सुमारास माळ्यावरून टब निघतो, गंज खरवडून रंग दिला जातो आणि नव्या ताट्या बसतात. नाव अजून ताटीच, पण आत वाळ्याऐवजी लाकडाचा तंतुमय कीस असतो. टिल्लू पंप आणि ताट्या मिळून काही शे रुपयांत काम भागते. बोअरचे पाणी जड असेल तर ताटीवर क्षारांचा थर चढतो, हवा अडते आणि एका हंगामातच ती टाकावी लागते. प्लास्टिकच्या कूलरमधल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळ्या जास्त टिकतात, पण क्षार त्यांनाही सोडत नाहीत. सर्वांत महागडी हयगय अर्थिंगची. पत्र्याचा डबा, ओली फरशी आणि उघडी वायर यांमुळे विदर्भात उन्हाळ्यात माणसे दगावतात; पाणी भरण्यापूर्वी पिन काढणे ही त्यावरची बिनखर्चाची दुरुस्ती आहे.

कूलरला दोन मर्यादा आहेत. त्याला पाणी लागते, आणि एकबुर्जी धरणावर तहान भागवणाऱ्या वाशिम शहरात मे महिन्यातले पाणी जपून वापरावे लागते. शिवाय मृगाची हवा दमट झाली की तो नुसता ओलसर वारा फेकतो. दरम्यान धाबी पाडून सिमेंटचे स्लॅब आणि टिनाची छपरे आली. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खोलीत उष्णता सोडतो. एसीची मागणी वाढण्यात हवामानाइतकाच हा स्लॅबही कारणीभूत आहे.

विलिस कॅरियर याने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आवरणारे यंत्र आखले; एसी त्यातूनच पुढे आला. कागद नीट राहावा एवढाच हेतू होता. भारतात ब्लू स्टार १९४३ मध्ये आणि व्होल्टास १९५४ मध्ये सुरू झाली. छोट्या गावांत एसी आधी बँकांत, दवाखान्यांत आणि एटीएमच्या खोल्यांत दिसला, घरात बऱ्याच उशिरा. त्याची क्षमता अजून ‘टना’त सांगतात, ती बर्फाच्या हिशेबाने. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट.

एसीबरोबर डागडुजी घराबाहेर गेली. जाळी धुण्यापलीकडे घरच्या माणसाला काही करता येत नाही आणि कंपनीचा माणूस बऱ्याचदा अकोल्याहून यायचा असतो. साध्या सर्व्हिसिंगला साधारण ५०० ते ८०० रुपये पडतात, गॅस भरायला अडीच-तीन हजार. कॉम्प्रेसर गेला तर आठ-दहा हजारांच्या पुढे. विजेचा दाब वरखाली झाला की आधी जातो तो कपॅसिटर. कारागीर त्यालाच ‘कंडेन्सर’ म्हणतात आणि तो काही शे रुपयांत बदलतो. इन्व्हर्टर एसीत मात्र तोच झटका पीसीबीला, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डाला, बसतो आणि बिल हजारांत जाते. वीज वाचवणारे यंत्र दुरुस्तीला महाग पडते, हे दुकानात कोणी सांगत नाही.

‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ हा समज तर निव्वळ खोटा आहे. वायू बंद नळ्यांत फिरतो, तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाच्या फेसाने ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुढच्या चैत्रापर्यंत टिकत नाही. गाव धुळीचे असेल तर कित्येकदा गॅस पुरेसा असतो, बाहेरच्या युनिटची जाळी तेवढी धुळीने बंद झालेली असते.

जुन्या एसींतला आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने काढला जात आहे. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नव्या यंत्रांच्या उत्पादनात तो वापरता येत नाही. नव्या यंत्रांत मुख्यतः आर-३२ असतो. तो सौम्य ज्वालाग्राही आहे आणि आर-२२ च्या यंत्रात भरण्याजोगा नाही. कोणता वायू आहे, हे बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेले असते. कारागिराला बोलावण्याआधी ती पट्टी वाचावी.