जुनी फरशी तशीच ठेवायचीय? मग भिंतींचा आणि दारांचा रंग असा निवडा

दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्नकार्य ठरलं की घराला रंग द्यायचा विषय निघतो. मोबाइलवर आवडलेला एखादा फोटो पेंटरला दाखवला जातो, शेड कार्डावरून नंबर ठरतो आणि चार दिवसांत भिंती नव्या होतात. मग नजर खाली जाते. कालपर्यंत बरी दिसणारी फरशी आता मळकट आणि जुनाट वाटू लागते. पाठोपाठ सल्ला मिळतो, "फरशी काढून टाका, व्हिट्रिफाइड टाइल्स बसवा."

बीड-परळी रस्त्यावरच्या सिरसाळ्यासारख्या गावात अशी घरं भरपूर सापडतात. खाली शहाबादी, मोझॅक किंवा रंगीत सिमेंटची फरशी असते आणि वर दर काही वर्षांनी बदलणारा रंग. यातली फरशी फोडणं महागाचं आणि कटकटीचं काम आहे. जुन्या फरशीवरच नवीन टाइल्स बसवल्या तरी जमिनीची पातळी वर येते, दारं खालून कापावी लागतात आणि उंबऱ्याचा मेळ बसत नाही. त्यामानाने भिंतीचा रंग बदलणं स्वस्त आहे. म्हणून रंग निवडताना सुरुवात शेड कार्डापासून न करता फरशीपासून करायची.

आधी आपली फरशी ओळखा

शहाबादी फरशी हा चुनखडीचा नैसर्गिक दगड आहे. आजच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद गावावरून तिला हे नाव मिळालं. मराठवाडा आणि शहाबाद हे दोन्ही भाग पूर्वी हैदराबाद संस्थानातच होते आणि अंतरही फार नव्हतं, त्यामुळे हा दगड इथल्या ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत पोचला. तिचा रंग साधारण राखाडी असतो, पण त्यात कुठे निळसर, कुठे पिवळसर, तर कुठे हिरवट झाक असते. तांदूरची पिवळी किंवा निळसर फरशी, राजस्थानातली हिरवट कोटा आणि आंध्रातला काळा कडप्पा हे सगळे याच चुनखडीच्या कुळातले दगड.

मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे मिसळून, घासून गुळगुळीत केलेली फरशी. तिच्यात एक रंग नसतो. सिमेंटचा एक रंग आणि तुकड्यांचे दोन-तीन रंग असे मिळून ती दिसते.

तिसरा प्रकार नक्षीच्या सिमेंट टाइल्सचा. या टाइल्स भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओततात, त्यामागे साध्या सिमेंटचा थर देतात आणि दाबयंत्राखाली दाबतात. परदेशातून येणाऱ्या टाइल्सना स्वदेशी पर्याय म्हणून मुंबईत १९२२ साली सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी या कामासाठी ओळखली जाते. सिमेंटमध्ये टिकणारे रंग मोजकेच असल्यामुळे जुन्या नक्षीत तेच तेच रंग दिसतात: लोखंडाच्या ऑक्साइडचा विटकरी लाल, मातकट पिवळा, काळा, शेवाळी हिरवा आणि मळखाऊ पांढरा.

फरशीचा खरा रंग कसा पाहायचा?

जुन्या फरशीवर वर्षानुवर्षांचा तेलकटपणा, मेणाचे थर आणि धूळ बसलेली असते. त्यामुळे रंग ठरवण्याआधी खोलीचा एक कोपरा साध्या साबणाच्या पाण्याने नीट घासून घ्या. अ‍ॅसिड मात्र वापरू नका. शहाबादी, कोटा, कडप्पा, मोझॅकमधला संगमरवर आणि सिमेंट या सगळ्यांवर अ‍ॅसिडचा परिणाम होतो. पृष्ठभाग खाल्ला जातो, चकाकी जाते आणि पुढे डाग आणखी लवकर पडतात. संडास-बाथरूम साफ करायच्या बऱ्याच द्रावणांतही अ‍ॅसिड असतं.

कोपरा स्वच्छ झाला की त्यावर पाणी शिंपडा. ओल्या फरशीत रंग गडद होतो आणि लपलेली झाक वर येते. मग शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा. कागदाजवळ राखाडी फरशी निळसर दिसते की पिवळसर, हे लगेच कळतं. पुढची सगळी निवड याच एका उत्तरावर अवलंबून आहे.

मोझॅक किंवा नक्षीची टाइल असेल तर तिच्यातले तीन रंग कागदावर लिहून काढा: सगळ्यात जास्त दिसणारा, सगळ्यात फिकट आणि सगळ्यात गडद.

नव्या रंगाने फरशी मळकी का दिसते?

या कोड्याचं उत्तर फ्रान्समधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने शोधलं होतं. मिशेल युजीन शेव्हरल हे पॅरिसच्या गोबलँ या कापडचित्रांच्या कारखान्यात रंगाईचं काम पाहत. तिथल्या काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. तपासणीत रंगात दोष सापडला नाही. काळा धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला की तो फिका वाटत होता. शेजारचा रंग बदलला की आपल्या डोळ्यांना मूळ रंगही बदललेला दिसतो, हा नियम त्यांनी १८३९ साली पुस्तकातून मांडला.

घरात नेमकं हेच घडतं. पिवळसर फरशीशेजारी निळसर झाकेचा पांढराशुभ्र रंग आला की फरशीचा पिवळेपणा दुप्पट जाणवतो. चुन्यात नीळ घालून भिंती पांढऱ्या करायची जुनी पद्धत आहे. नीळ पांढरा रंग उजळ करते, पण पिवळसर फरशीच्या खोलीत तीच नीळ फरशीला मळकं ठरवते. आजच्या अनेक 'सुपर व्हाइट' शेड्सचाही परिणाम असाच होतो.

म्हणून पहिला नियम असा: भिंतीची झाक आणि फरशीची झाक एकाच बाजूची ठेवा. फरशी पिवळसर असेल तर भिंतही किंचित उबदार हवी, फरशी निळसर असेल तर भिंत थंड छटेची चालते.

कोणत्या फरशीला कोणती भिंत?

*पिवळसर शहाबादी किंवा तांदूर:* हस्तिदंती, मोतिया, फिकट बदामी, चंदनी हे रंग जुळतात. फरशी यात आपोआप स्वच्छ दिसते. फिकट जांभळा आणि थंड राखाडी टाळा.

*निळसर राखाडी शहाबादी:* दुधी पांढरा, अगदी फिकट राखाडी किंवा धुरकट निळा चालतो. सगळीच खोली राखाडी झाली तर उदास वाटते, त्यामुळे दारं लाकडी किंवा विटकरी रंगाची ठेवली की ऊब येते.

*हिरवट कोटा:* मोतिया किंवा शेवाळी रंगाची अगदी फिकट छटा शोभते. गुलाबी रंगाशेजारी हिरवटपणा अंगावर येतो, पोपटी भिंतीपुढे तीच फरशी निस्तेज होते.

*काळा कडप्पा:* फरशी गडद असल्यामुळे भिंत उजळच हवी. इथे पांढराही चालतो. गडद भिंतीने खोली लहान आणि कोंदट वाटेल.

*मोझॅक:* सिमेंटचा रंग बाजूला ठेवा आणि तुकड्यांपैकी सगळ्यात फिकट तुकड्याचा रंग भिंतीला घ्या. फरशीवर आधीच ठिपक्यांची गर्दी असते, म्हणून भिंतीवर टेक्स्चर, स्टेन्सिलची नक्षी किंवा दोन-तीन रंगांचे पट्टे नकोत.

*लाल-पिवळ्या नक्षीच्या सिमेंट टाइल्स:* टाइलमधला मळखाऊ पांढरा भिंतीला आणि गडद लाल किंवा हिरवा दारांना, ही बहुतेक घरांत जमणारी जोडी आहे. विटकरी लाल रंग भिंतीलाही दिला तर टाइलची नक्षी हरवते.

दुसरा नियम सगळ्या फरश्यांना लागू पडतो. भिंत फरशीपेक्षा एक-दोन पायऱ्या उजळ ठेवा आणि छत भिंतीपेक्षा उजळ. जाड भिंती आणि लहान खिडक्यांच्या जुन्या माळवदाच्या घरात याचा फायदा जास्त होतो, कारण तिथे मुळात उजेड कमी असतो.

चौकटी, दारं आणि खालचा पट्टा

बहुतेकांचा सगळा विचार भिंतीवर खर्च होतो आणि दारांना उरलेला ऑइल पेंट लागतो. खरं तर चौकट, खिडक्या आणि भिंतीखालचा पट्टा हेच फरशी आणि भिंत यांना जोडतात. फरशीतला सगळ्यात गडद रंग इथे वापरायचा. काळ्या ठिपक्यांच्या मोझॅकला गडद करडी चौकट, लाल टाइल्सना आमसुली किंवा विटकरी चौकट, शहाबादीला गडद तपकिरी. एका घरात सगळ्या दारांना एकच रंग ठेवला की वेगवेगळ्या खोल्यांतल्या वेगवेगळ्या फरश्याही एका घरातल्या वाटतात.

जुन्या घरांत भिंतीच्या तळाशी गेरूचा किंवा काळा पट्टा ओढलेला असायचा. त्यामागे व्यवहार होता. फरशी पुसताना उडणारं पाणी, केरसुणीचे फटके आणि काळ्या मातीची धूळ तिथेच लागते. फिकट भिंत थेट फरशीपर्यंत नेली तर सहा महिन्यांत खालची कड काळवंडते. चार-सहा इंचांचा पट्टा ऑइल पेंटमध्ये, फरशीच्या गडद रंगात ओढला तर तो पुसता येतो आणि दिसायलाही नेटका राहतो.

जुन्या दारांबाबत एक काळजी घ्यायलाच हवी. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या थरांत शिसं जास्त असू शकतं. असे थर कोरडे घासले की विषारी धूळ उडते आणि तिचा सर्वांत जास्त धोका लहान मुलांना आणि गरोदर बायकांना असतो. घासकाम पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरनेच करावं, तोंडाला चांगला मास्क असावा आणि त्या दिवशी मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नये. खाली पडलेला चुरा झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.

रंगाआधी भिंतीची तपासणी

निवड कितीही अचूक असली तरी ओल असलेल्या भिंतीवर ती टिकत नाही. जमिनीतून चढणाऱ्या ओलीबरोबर क्षार वर येतात, यालाच आपण लोणा लागणं म्हणतो. त्यावर पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट मारला तर पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटतात. आधी गळका पाइप, तुंबलेली पन्हाळ किंवा भिंतीलगत साचणारं पाणी याचा बंदोबस्त करा, भिंत पूर्ण वाळू द्या.

भिंतीवर चुन्याचे जुने थर असतील तर हात फिरवून पाहा. हाताला पांढरी भुकटी लागली तर तो थर खरवडल्याशिवाय प्लॅस्टिक पेंट धरणार नाही. दगड-मातीच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या जुन्या भिंतींना पुन्हा चुनाच देणं जास्त सोयीचं ठरतं, कारण चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. पिवळी माती किंवा गेरू मिसळून चुन्यालाही उबदार झाक देता येते, शहाबादीसोबत ती छान दिसते.

काळ्या मातीवरच्या घरांत भिंतींना भेगा पडणं नेहमीचं आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. बारीक भेगा भरून रंग देता येतो. भेग रुंद होत असेल किंवा तिरकी वाढत असेल तर रंगाआधी जाणकाराला दाखवा.

शेड पक्की करण्याआधी

शेड कार्डावरचा बोटभर तुकडा फसवतो. तोच रंग चारही भिंतींवर आला की जास्त गडद वाटतो. म्हणून मनात असलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकट शेडही तपासायला घ्या. दोन किंवा तीन शेड्सचे लहान डबे आणून जाड पुठ्ठ्यावर दोन-दोन फुटांचे नमुने दोन हात देऊन रंगवा. पुठ्ठा भिंतीला टेकवून थेट फरशीवर उभा करा, म्हणजे दोन्ही रंग एकत्र दिसतील.

हा नमुना सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहा. बल्बच्या खोक्यावर ६५००के लिहिलं असेल तर उजेड निळसर पांढरा पडतो, ३०००के असेल तर पिवळसर. दुपारी सुंदर वाटलेली हस्तिदंती भिंत निळसर ट्यूबखाली फिकी पडू शकते. अशा वेळी शेड बदलण्याआधी बल्ब बदलून पाहा.

थोडक्यात क्रम

१. फरशीचा कोपरा अ‍ॅसिड न वापरता स्वच्छ करा.
२. ओली करून, पांढऱ्या कागदाशेजारी तिची झाक ओळखा.
३. भिंतीसाठी त्याच झाकेची, फरशीपेक्षा उजळ शेड निवडा.
४. चौकटी आणि खालच्या पट्ट्यासाठी फरशीतला गडद रंग घ्या.
५. ओल, लोणा आणि भेगा आधी दुरुस्त करा.
६. पुठ्ठ्यावरचा नमुना तीन वेळा पाहूनच मोठा डबा घ्या.

एवढं करूनही फरशी निस्तेज वाटली तर फोडण्याआधी पॉलिशचा विचार करा. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे पृष्ठभागाखालीही असतात, त्यामुळे मशीनने घासून ती पुन्हा चकचकीत करता येते. नक्षीच्या सिमेंट टाइल्सवर मात्र रंगाचा थर काही मिलिमीटरचाच असतो. तिथे जोरात घासलं तर नक्षीच निघून जाईल, म्हणून हलकं पॉलिश पुरे.